कंपनीच्या ताब्यात नसलेलं भांडवल

ताळेबंदात जमीन असते, शेड असते, मशिनरी असते, गोदामातला माल असतो, लोकांकडून यायची बाकी असते. त्याच मशिनरीचा आवाज ऐकून ‘बेअरिंग चाललंय’ असं सांगणारा फोरमन मात्र त्यात नसतो. त्याचा पगार खर्चात दिसतो आणि त्याला ट्रेनिंगला पाठवलं तर तेही खर्चातच जातं. आपल्याकडे अमूर्त मालमत्तेसाठी इंड एएस ३८ हे हिशेबी मानक आहे. विकत घेतलेलं पेटंट किंवा सॉफ्टवेअर त्यात बसतं. स्वतः घडवलेला ब्रँड किंवा ग्राहकांची यादी बसत नाही, आणि माणसांचं कसब तर सहसा नाहीच. कारण साधं आहे. मालमत्ता म्हणायची तर तिच्यावर कंपनीचा पुरेसा ताबा हवा, आणि पगार दिला म्हणून कुणाच्या डोक्याचा ताबा मिळत नाही. माणूस उद्या राजीनामा देऊ शकतो.

व्यवस्थापनशास्त्राच्या मंडळींना हे मागासलेपण वाटत आलं आहे. स्वीडनच्या स्कांडिया या विमा कंपनीने १९९१मध्ये लेइफ एडविन्सन यांना खास बौद्धिक भांडवलाचं संचालकपद दिलं आणि १९९४च्या वार्षिक अहवालाला या भांडवलाची वेगळी पुरवणी जोडली. त्या विचारात तीन गोष्टी येतात: माणसांचं कसब, ग्राहकांशी असलेलं नातं, आणि संध्याकाळी माणसं घरी गेल्यावर ऑफिसात जे उरतं ते, म्हणजे फायली, पद्धती, सॉफ्टवेअर, पेटंटं. तेव्हापासून सल्लागारांचं एक पालुपद ठरून गेलं आहे की डोक्यातलं जेवढं काढता येईल तेवढं काढून कपाटात घाला, म्हणजे माणूस गेला तरी ज्ञान राहील.

ऐकायला हे बिनतोड आहे. मला मात्र इथे हिशेबनीस जास्त शहाणा वाटतो, कारण ताबा नाही हे त्याने मुकाट्याने मान्य केलं आहे. ताब्यात नसलेल्या गोष्टीच्या जोरावर बाजारात पुढे राहायचं कसं, हा प्रश्न मग उरतोच. कपाट कितीही मोठं केलं तरी तो सुटत नाही. ज्याला कळतं तो ते दुसऱ्याला सांगतो का, आणि दुसऱ्याला ते घेता येतं का, या दोन गोष्टींवर सगळं येऊन ठेपतं. एकाच कंपनीची गोष्ट घेऊन हे उलगडून पाहू, कारण या भांडवलाचे बहुतेक सगळे प्रकार तिच्याकडे होते आणि प्रत्येकाची गत निराळी झाली.

कंपनी म्हणजे झेरॉक्स. तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर तिच्या नावाची पाटी असते आणि आत मशीन असतं कॅननचं नाहीतर रिकोचं. ब्रँडचं काय झालं ते यातच आलं, म्हणून तो भाग इथेच सोडतो.

या तंत्राचा जनक चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता. कागदपत्रांच्या नकला मिळवताना जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून तो नकलेच्या सोप्या रीतीच्या मागे लागला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरियातल्या एका खोलीत त्याने आणि त्याचा सहायक ऑटो कोर्नेई याने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला आणि तारीख व जागेचं नाव कागदावर उमटवून दाखवलं. बड्याबड्या कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं. अखेर रोचेस्टरच्या हॅलॉइड या लहान कंपनीने हे तंत्र घेतलं, १९५९मध्ये ९१४ हे मशीन लोकांपुढे आणलं आणि पुढे स्वतःचं नाव बदलून झेरॉक्स केलं. मशीन भाड्याने द्यायचं, महिन्याला ९५ डॉलर, त्यात २,००० प्रती, पुढच्या प्रत्येक प्रतीला ४ सेंट. दुरुस्ती कंपनीची. थोडक्यात, मशीनला मीटर होता आणि कंपनीचं पोट त्या मीटरवर चालत होतं. हा मीटर लक्षात ठेवायचा.

पुढची पंधरा वर्षं पेटंटांच्या भिंतीआड सुखात गेली. मग मक्तेदारीचा आरोप झाला आणि १९७५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून कंपनीला आपली पेटंटं इतरांना वापरायला द्यावी लागली. जपानी कंपन्या लहान आणि स्वस्त मशीनं घेऊन आल्या. ज्या एका भांडवलावर कायदेशीर ताबा होता, ते कायद्यानेच सैल केलं.

दरम्यान कंपनीने आणखी एक खजिना उभा केला होता. १९७०मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला तिने पार्क ही संशोधनशाळा काढली. १९७३मध्ये तिथे आल्टो हा संगणक तयार झाला: पडद्यावर खिडक्या, हातात माउस, आणि मशीनं एकमेकांना जोडणारं इथरनेट. डिसेंबर १९७९मध्ये स्टीव्ह जॉब्झ तिथे येऊन हे सगळं बघून गेला, त्या बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे शेअर घ्यायची संधी मिळाली. मग माणसंही बाहेर पडली. इथरनेटवाल्या बॉब मेटकाफने थ्रीकॉम काढली, लॅरी टेस्लर ॲपलमध्ये गेला, चार्ल्स सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये, जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी १९८२मध्ये अडोबी काढली. झेरॉक्सचा स्वतःचा स्टार संगणक १९८१मध्ये आला तो सोळा हजार डॉलरच्या वर किंमत लावून, आणि पडला.

ही गोष्ट साधारणपणे ‘साहेबांना अक्कल नव्हती’ या चालीवर सांगतात. ती सांगायला मजा येते, पण त्याच पार्कमधून लेझर प्रिंटरही निघाला आणि त्यावर झेरॉक्सने बक्कळ पैसा कमावला, हे मग कुठे बसवायचं? गॅरी स्टार्कवेदर पूर्वेकडच्या प्रयोगशाळेत लेझरच्या मागे लागला होता. तिथल्या वरिष्ठांना ते नको होतं, म्हणून तो पार्कला आला. १९७७मध्ये त्याच्या कामातून ९७०० हा प्रिंटर बाजारात उतरला. साहेब तेच, कंपनी तीच, संशोधनशाळाही तीच.

फरक मीटरचा होता, असं मला वाटतं. लेझर प्रिंटर पानं मोजतो, टोनर खातो, त्याचे रोलर झिजतात. झेरॉक्सच्या विक्रेत्याला तो भाड्याने कसा द्यायचा हे ठाऊक होतं, मेकॅनिकला तो उघडून समजत होता, हिशेब खात्याला त्याचं बिल करता येत होतं. ज्ञान सांगणारा होता तसा ते उचलून घेणाराही होता. आल्टोच्या बाबतीत तो नव्हता. पडद्यावरच्या खिडकीचं बिल प्रतीमागे किती सेंट लावायचं? पार्कमधल्या माणसांनी सांगितलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही, त्यांनी तर प्रात्यक्षिकं केली. पण रोचेस्टरकडच्या माणसाच्या हाताला ते लागत नव्हतं. आणि इथे सल्लागारांच्या कपाटाची दुसरी बाजू दिसते. पद्धती, करारांचे नमुने, विक्रीचं कमिशन ठरवायची रीत, हे सगळं कंपनीचं भांडवलच. त्याच भांडवलाने एक ज्ञान पुढे नेलं आणि दुसरं दारातून परत पाठवलं.

आता या कंपनीने जे नीट केलं ते, आणि ते संगणकापेक्षा कितीतरी खालच्या मजल्यावरचं आहे. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ पार्कमध्येच होता. १९८०च्या दशकात तो आदिवासी पाड्यावर जाण्याऐवजी झेरॉक्सच्या फिरत्या दुरुस्तीवाल्यांच्या मागे राहिला. १९९६मध्ये त्याचं पुस्तक आलं. कंपनीची कल्पना अशी होती की मशीन एरर कोड दाखवतं, मॅन्युअलमध्ये त्या कोडपुढे पायऱ्या दिलेल्या असतात, त्या उतरत गेलं की बिघाड सापडतो. प्रत्यक्षात मॅन्युअल उघडं असायचं आणि मशीन वेगळंच काहीतरी करत असायचं. ऑरने सांगितलेल्या एका प्रसंगात कोड ज्या भागाकडे बोट दाखवत होता त्याने बिघाडाचा उलगडा होईना. मेकॅनिकने वरच्या तज्ज्ञाला बोलावलं. त्यालाही कळेना. दोघं मशीन पुन्हापुन्हा चालवत राहिले आणि बोलत राहिले: अमक्या ठिकाणी असंच झालं होतं, तेव्हा आधी हे दिसलं, मग ते. एकाची अर्धी आठवण दुसऱ्याच्या अर्ध्या आठवणीला जाऊन लागत गेली, आणि बऱ्याच वेळाने कोड दिशाभूल करतोय हे ध्यानात आलं. उत्तर त्या दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आधीपासून तयार नव्हतं.

अशी बोलणी नाश्त्याच्या टेबलावरही चालत. अमुक गिऱ्हाईक कागद कसा भरतं, अमुक मॉडेल कशाने कुरकुरतं. आपल्याकडच्या मेकॅनिकला विचारा, तोही सांगेल की आषाढात पेपर जाम व्हायला लागला तर आधी रोलर खोलू नका, रीम कुठे ठेवली होती ते बघा. दमट कागद सरकत नाही. कंपनीच्या हिशेबात नाश्त्यावरचा तो वेळ वाया गेलेला. कार्यक्षमता वाढवायची म्हणून एखाद्या हुशार व्यवस्थापकाने तेवढाच छाटला असता.

तो छाटला नाही आणि १९९०च्या दशकात त्यातून ‘युरेका’ नावाची पद्धत उभी राहिली. सुरुवात फ्रान्समध्ये झाली, तिथल्या घरोघरी असलेल्या मिनिटेल यंत्रावरून. आधी संशोधकांना यंत्रालाच निदान शिकवायचं होतं. मेकॅनिकांनी ते पाहिलं आणि मॅन्युअलमध्ये नसलेल्या क्लृप्त्यांची आपल्याला जास्त गरज आहे असं सांगितलं. मग रीत ठरली. मेकॅनिक आपल्याला सापडलेली क्लृप्ती लिहून पाठवणार: लक्षण काय, कारण काय, तपासायचं कसं, करायचं काय. ती त्याच्यासारखेच जाणते मेकॅनिक तपासणार. खरी निघाली की सगळ्यांना मिळणार, लिहिणाऱ्याच्या नावासह. क्लृप्तीमागे पैसे द्यायचा विचारही झाला होता. मेकॅनिकांनी तो मोडीत काढला. नाव पुरे म्हणाले. मला यात त्यांचा व्यवहारीपणा दिसतो. पैसे ठेवले असते तर क्लृप्त्यांचा ढीग पडला असता, आणि तपासणारा मित्र की कंजूष यावर भांडणं लागली असती. नावाचं उलट असतं. चुकीची क्लृप्ती आपल्या नावाने शेकडो मेकॅनिकांपुढे जाणं कुणाला परवडत नाही. ब्राझीलमध्ये एक महागडं रंगीत मशीन बदलून द्यायची वेळ आली होती, सुमारे ४०,००० डॉलरचं. तिथल्या माणसाला माँट्रियलच्या मेकॅनिकची क्लृप्ती सापडली आणि एका डॉलरहूनही स्वस्त जोडणीत काम भागलं.

कुणी म्हणेल, हेही शेवटी कपाटच. दिसतं तसं, पण त्याची किल्ली मेकॅनिकांकडे होती. काय घालायचं ते त्यांनी ठरवलं, खरं-खोटं त्यांनी केलं, वाचणारेही तेच. आणि युरेकातली क्लृप्ती चोरून नेली असती तर कॅननला फारसा उपयोग झाला नसता, कारण मशीनं झेरॉक्सची, ती वाचणारा हातही झेरॉक्सच्या मशीनवर बसलेला. स्पर्धेत टिकणारा फायदा असतो तो असा. उचलून नेता येत नाही, कारण तो माणसांच्या आपसातल्या व्यवहारात असतो. पार्कमधलं संगणकाचं ज्ञान नेता आलं, कारण कंपनीत त्याला कुठेच मुळं धरू दिली नव्हती. ती संशोधनशाळा झेरॉक्सने २०२३मध्ये एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेला देऊन टाकली.

आता आपल्याकडे बघू. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत राजीनाम्यानंतर शेवटच्या पंधरवड्यात ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, घेतात. जाणारा स्क्रीन शेअर करून बोलतो, रेकॉर्डिंग होतं, ते कुणी उघडत नाही. ते समजण्यासारखं आहे, कारण तेव्हा विचारायचं काय हेच नव्या माणसाला माहीत नसतं. प्रश्न काम अडल्यावर पडतात, आणि तोवर सांगणारा गेलेला असतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत निवृत्तीला शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो होतो आणि काही महिन्यांनी त्याच फोरमनला फोन जातो, जरा येऊन बघता का. फोरमनने आयुष्यभर हातचं राखून ठेवलं असा ठपका मग ठेवला जातो. काही जण राखतातही. ओव्हरटाइम आणि मान दोन्ही त्यावर अवलंबून असतात. पण त्याच्या शेजारी मशीनवर कोण उभं होतं तेही बघायला हवं. ठेकेदाराचा पोरगा, काही महिन्यांचा गेट पास, पास संपला की नवा पोरगा. पगारात वाचलेली रक्कम दर महिन्याला साहेबांपुढच्या अहवालात येते. फोरमनने मन लावून शिकवलं, तरी शिकलेला पोरगा दिवाळीनंतर पलीकडच्या गाळ्यात, आपल्याच गिऱ्हाइकाला कमी दराने माल देणाऱ्या कंपनीत, तेच मशीन चालवत असतो.