क्लास मेथड कधी वापरावी?

साधी मेथड एखाद्या ऑब्जेक्टवर चालते, क्लास मेथड खुद्द क्लासवर. ती कॉल करताना हाताशी एकही ऑब्जेक्ट नसला तरी चालते. तिची खरी गरज कुठे पडते, हे त्या कामाला कुणाची माहिती लागते यावरून ठरते.

एक उदाहरण घेऊ. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत १९३७ मध्ये म्हैसूरला सुरू झालेल्या रंगांच्या कारखान्यातून, म्हणजे आजच्या 'मैसूर पेंट्स अँड व्हार्निश'मधून, १९६२ पासून मतदारांच्या बोटाला लावायची शाई देशभर जाते. या शाईची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहायचा, तर त्यात 'बाटली' हा क्लास येणारच. अमुक बाटलीत किती शाई उरली, ती कोणत्या मतदान केंद्रावर आहे, हे त्या बाटलीलाच विचारायचे प्रश्न. मात्र मागणीपत्रातल्या ओळीवरून नवी बाटली तयार करायची असेल, तर विचारायला बाटली अजून जन्मलेलीच नसते. ते काम क्लासचे. पायथनमध्ये आजची तारीख देणारी 'डेट.टुडे' याच जातीची. अशा मेथडला स्वतःचे नाव देता येते, त्यामुळे ऑब्जेक्ट कशापासून बनतो आहे ते वाचणाऱ्याला लगेच कळते.

पायथनच्या २.२ आवृत्तीत आलेल्या क्लास मेथडला आपण कोणत्या क्लासवरून कॉल झालो हे कळते, म्हणून उपक्लासवरून कॉल केल्यास उपक्लासचाच ऑब्जेक्ट बनवता येतो. जावातली क्लास मेथड म्हणजे स्टॅटिक मेथड; ती उपक्लासमध्ये पुन्हा लिहिली तरी ओव्हरराइड होत नाही, फक्त झाकली जाते. वर्तन पुढे बदलण्याची शक्यता असेल तिथे जावात स्टॅटिक टाळलेलेच बरे.

सर्वांत मोठा मोह असतो तो क्लासमध्येच मोजदाद ठेवण्याचा. 'आतापर्यंत किती बाटल्या भरल्या' हा आकडा क्लासवर ठेवला, की तो ग्लोबल व्हेरिएबलच झाला. एका टेस्टने वाढवलेला आकडा दुसऱ्या टेस्टला चुकवतो. दोन राज्यांच्या मागण्या एकाच वेळी हाताळायच्या झाल्या, तर दोन्हींची बेरीज एकत्र होते. हा हिशेब 'साठा' नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टकडे द्यावा, आणि प्रत्येक मागणीला तिचा स्वतंत्र साठा असावा. न बदलणारे स्थिरांक क्लासवर खुशाल ठेवावेत.

मिलिलिटरचे लिटर करण्यासारख्या कामाला ना बाटलीची माहिती लागते, ना क्लासची. पायथनमध्ये त्यासाठी साधे फंक्शन पुरते. जावात मेथड क्लासमध्येच लिहावी लागते, म्हणून वर्गमूळ काढणारी मेथडसुद्धा 'मॅथ' क्लासमध्ये स्टॅटिक आहे. उलट, एखादी क्लास मेथड पहिलाच पॅरामीटर म्हणून बाटली मागत असेल आणि तिचीच माहिती वाचत असेल, तर ती बहुधा बाटलीची साधी मेथड असायला हवी होती.