छेदस्थानी कोण?

गेल्या मे महिन्यात एका व्याख्यानानंतर एका अर्थशास्त्रज्ञ स्नेह्यांनी मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा, पट ११, शिक्षक २. दोघांचा वर्षाचा पगार भागिले ११. शहरातल्या चांगल्या खासगी शाळेच्या फीपेक्षा मोठा आकडा आला. “हा खर्च करत बसलो तर देश जगाच्या बाजारात टिकेल कसा?” त्यांनी विचारलं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हापासून हा भागाकार सगळीकडे ऐकू येतो.

त्या दिवशी मी चिडून म्हटलं, शिक्षणाला जमाखर्चाचा तराजू लावायचाच नसतो. हे उत्तर चुकलं, असं मला आज वाटतं. चूक माझ्या लक्षात आली ती महात्मा फुल्यांमुळे.

१८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी आपण व्यापारी, शेतकरी आणि पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असल्याचं सांगितलं होतं. हिशेब कळणारा माणूस बोलत होता, आणि त्याने हिशेबच मागितला. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून. तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आणि रयतेच्या पोरांना साधी शाळा नाही. वरून झिरपत झिरपत विद्या खाली पोचेल, हा सरकारचा सिद्धान्त त्यांनी मोडून काढला. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं ते म्हणाले. पण नुसता पैसा मागून ते थांबले नाहीत. मास्तर प्रशिक्षित हवा, त्याला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, नांगर किंवा वाकस हाती धरायची त्याला लाज वाटू नये. मुलांना मोडी-बालबोध लिहिता-वाचता यावं, हिशेब यावा, शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान मिळावं. कुणाचा पैसा, कुणावर आणि त्यातून मुलाच्या हाती काय, असे तीन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. कार्यक्षमतेची याहून पूर्ण व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

आपण शिक्षणाच्या बाजूने बोलणारे लोक मात्र पहिल्या प्रश्नाशीच अडून बसलो. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के मागितले; २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच आकडा आहे. ते मिळायलाच हवेत. पण इंडोनेशियाने २००५ च्या कायद्याने प्रमाणपत्रधारक शिक्षकांचं वेतन जवळपास दुप्पट केलं, आणि पुढे झालेल्या काटेकोर अभ्यासात मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. उलट मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसख्या, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास त्यांना जेवढं येतं तिथून पुढे शिकवत होत्या. अल्प खर्चात मुलं पुढे सरकली. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो यांनी सहकाऱ्यांसह हे मोजून दाखवलं.

स्पर्धेचंच म्हणाल तर व्हिएतनाम पाहा. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथली १५ वर्षांची मुलं गणितात अमेरिकेच्या मुलांपुढे गेली. शाळा सोडलेली मुलं त्या चाचणीत नव्हती, हा आक्षेप खरा आहे. तरीही इतक्या गरीब देशाने हे साधलं. सॅमसंगने त्याआधीच, २००९ मध्ये, बाक निन्ह प्रांतात फोनचा कारखाना सुरू केला होता. कारखाने येतात त्याला जमीन, करसवलत, बंदरं अशी अनेक कारणं असतात. पण यंत्रावरची सूचना वाचून समजणारा कामगार सवलतीत देता येत नाही. चाकण-रांजणगावच्या उद्याच्या कामगाराची घडण आज कुठल्यातरी तिसरीच्या वर्गात चालली आहे. आणि ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला.

म्हणून स्नेह्यांच्या भागाकाराला माझी हरकत नाही. हरकत आहे ती छेदाला. छेदस्थानी पट नको, वाचता येणारी मुलं हवीत. ४० पटाच्या शाळेत माणशी खर्च कमी दिसतो. पण तिथे २० जणांनाच वाचता येत असेल, तर खरा खर्च दुप्पट झाला. वाडीवरच्या त्या शाळेत अकराही मुलं वाचत असतील, तर तिला महाग म्हणण्याआधी थांबायला हवं. आणि वाचत नसतील, तर केवळ शाळा उघडी राहिली म्हणून आपणही समाधान मानू नये. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे, त्यातच निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरायची. तो वेळ त्या अकरांचा आहे.

एक आकडा मात्र या छेदातही मावत नाही. वाडीवरची शाळा बंद झाल्यावर ओढ्यापलीकडच्या शाळेत जी मुलगी गेलीच नाही, ती पटावर नसते, म्हणून वाचता न येणाऱ्यांतही मोजली जात नाही. तिच्यावरचा खर्च शून्य होतो आणि कागदावर ती बचत दिसते. जोतीरावांनी तिचाच हिशेब मागितला होता.