फलटणच्या पलीकडचे यशवंतराव

यशवंतराव चव्हाण (1913–1984) यांच्यावरची चर्चा फिरून फिरून फलटणच्या एका भाषणावर येते. 1955 च्या अखेरीस, मालोजीराजे नाईक निंबाळकरांच्या या जुन्या संस्थानी गावात, नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांतून निवड करावी लागली तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू, अशा आशयाचे ते बोलले. तेवढ्यावर सत्तर वर्षे निकाल दिले जात आहेत. ‘शेवटी महाराष्ट्र त्यांनीच आणला’ हे भक्तांचे उत्तर खोडण्याचीही गरज नाही.

खुर्चीसाठी ते तसे बोलले, हा आरोप मात्र तपासण्याजोगा आहे. वर्षभरात ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, हा त्याचा मोठा आधार. ती खुर्ची दिल्लीच्या मर्जीविना मिळणारी नव्हती, हेही खरे. पण किंमत जबर होती. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्र हा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मागे गेला आणि कऱ्हाडला ते स्वतः जेमतेम निवडून आले. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवपुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा समितीची प्रचंड निदर्शने शांततेत पार पडली. नेहरूंनी लोकांचा राग डोळ्यांनी पाहिला. पुढे तोच राग यशवंतरावांना द्विभाषिक मोडण्यासाठी पक्षात युक्तिवाद म्हणून वापरता आला. केवळ खुर्ची हवी असणाऱ्याला द्विभाषिक चालू राहणेच सोयीचे होते.

येथे मागणी आणि निर्णय यांत फरक करावा लागतो. मागणी रस्त्यावर उभी राहते. तिच्यासाठी शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. निर्णय जेथे होतो तेथे आपला माणूस हवा, हे यशवंतरावांचे गृहीतक होते. त्यांनी मागणीचे बळ कमी लेखले. समितीने निर्णयाचे ठिकाण कमी लेखले असेल, पण तो दोष कदाचित लहान. त्या ठिकाणी बसून त्यांनी केलेले काम मात्र भरीव आहे: 1958 चा कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा, नवबौद्धांना सवलती, 1961 चे कमाल जमीनधारणा आणि जिल्हा परिषद कायदे.

पक्षात राहून निर्णयाचे ठिकाण धरून ठेवण्याच्या या वाटेशी तुलना करता अमेरिकेचे पुरोगामी उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस उलट वाटेने गेले. 1944 मध्ये पक्षाने त्यांना डावलले. 1948 मध्ये वेगळा पक्ष काढून ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि जेमतेम अडीच टक्के मते घेऊन हरले.

1962 पासून संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती यशवंतरावांनी सांभाळली. आणीबाणीतही ते मंत्रिमंडळात राहिले. निर्णयाच्या ठिकाणी असण्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना फलटणपेक्षा येथे विचारायला हवा होता. टीकाकार तो क्वचितच विचारतात.

जुलै 1979 मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजी देसाईंविरुद्ध अविश्वास ठराव मांडला. मोरारजी एकेकाळचे त्यांचेच मुख्यमंत्री. त्यानंतर चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले. इंदिरा गांधींनी पाठिंबा काढला आणि लोकसभेला सामोरे न जाताच 20 ऑगस्टला त्या सरकारने राजीनामा दिला. निवडणुकीपर्यंत उरले ते काळजीवाहू सरकार. पद आजवरचे सर्वांत मोठे, आणि निर्णयाचे ठिकाण दुसरीकडे सरकलेले. 1981 मध्ये ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. मंत्रिपद मिळाले नाही, आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले.