दारात ठेवलेलं धनुष्य

आजचं वाचन : भागवत, तिसरा स्कंध, पहिला अध्याय.

काल मांडवा जेट्टीवर बोटीची वाट बघताना मैत्रीण म्हणाली, "ऑफिसात कोणी भांडत नाही गं. फक्त चहाला जाताना मला हाक मारत नाहीत, मीटिंगचंही नंतर कळतं. नोकरी सोडावीशी वाटते. हा पळपुटेपणा आहे का?"

मला विदुर आठवला. धृतराष्ट्राने सल्ला मागितला, विदुराने खरा तो दिला, तर दुर्योधनाने त्याला दासीपुत्र म्हणून हिणवलं, नगराबाहेर काढायला सांगितलं. विदुराने धनुष्य दारात ठेवलं आणि तीर्थयात्रेला निघाला. भागवत त्याला पळपुटा म्हणत नाही. शस्त्र मागे ठेवलं म्हणजे सूडही मागेच राहिला, असं मला वाटतं. पुढे तो परतला, तो त्याच धृतराष्ट्राला वैराग्याची वाट दाखवायला.

1917 मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला होते. शिपाई फायली लांबून फेकत, कचेरीत प्यायला पाणी मिळेना, शहरात राहायला जागा मिळेना. त्यांनी नोकरी सोडली. (त्या यातनेशी आपल्या चहाची तुलना नाहीच.) 20 मार्च 1927 ला आपल्या रायगडातल्या महाडला, चवदार तळ्याचं पाणी ते हजारोंच्या सोबतीने प्यायले. सोडून जाणारा माणूस हरलेलाच असतो, असं कोण म्हणेल?

हे सगळं ऐकून मैत्रीण जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "राजीनामा लिहून ठेवलाय. त्यातल्या टोमण्याच्या दोन ओळी आधी काढते. पाठवायचा की नाही, ते सोमवारी बघू."