देहाचा विवेक

विवेक म्हटला की आपले लक्ष मनाकडे जाते, नित्य कोणते आणि अनित्य कोणते हे निवडणाऱ्या बुद्धीकडे जाते; परंतु ज्या देहाला आपण जड म्हणून बाजूला सारतो, त्याच्याही ठायी ईश्वराने एक विवेक ठेवलेला आहे, आणि तो असा की रक्तातून अहोरात्र फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींनी आपले कोण नि परके कोण हे ओळखावे, जंतू दिसला तर त्याचा नाश करावा, पण स्वतःच्या सांध्याला, यकृताला, कातडीला हात लावू नये. हा विवेक ढळला की जे विकार जडतात त्यांना ऑटोइम्यून आजार म्हणतात.

हा विवेक आयता मिळत नाही, घडवावा लागतो. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. अस्थिमज्जेत जन्मलेल्या, टी-पेशी नावाच्या कोवळ्या पांढऱ्या पेशी तेथे येतात, देहातल्याच निरनिराळ्या अवयवांच्या प्रथिनांचे नमुने, अगदी स्वादुपिंडातल्या इन्शुलिनचासुद्धा, त्यांच्यापुढे मांडले जातात, आणि जी पेशी त्या नमुन्यांवरच उठते तिचा तेथेच अंत होतो. तांदूळ निवडताना मूठभर खडे निघतात. येथे मात्र कुणी निरुपयोगी म्हणून, कुणी घातकी म्हणून, बहुतेक साऱ्याच निवडून टाकल्या जातात आणि शंभरांतल्या जेमतेम चार-पाच पार होतात.

एवढी कठोर निवड होऊनही काही घातकी पेशी निसटतात, तुमच्या-माझ्या निरोगी देहातही त्या आहेत, आणि तरी त्या गप्प असतात, कारण विवेकाला जाणण्याइतकेच आवरणेही लागते. हे आवरण्याचे काम करणाऱ्या वेगळ्या टी-पेशी 1995 साली जपानच्या शिमोन साकागुची यांनी दाखवल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना त्या पेशींचा जनुक सापडला, आणि या तिघांना 2025 चे नोबेल मिळाले. देहातला संयमही एका जनुकावर उभा असावा, याचे मला अजून नवल वाटते.

मग हा विवेक ढळतो कशाने? वंशाचा वाटा आहे, पण तेवढाच नाही, कारण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार होतो आणि दुसरा पुष्कळदा सुटतो. कधी साम्याने भूल पडते: मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जंतूने धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि सांधेदुखी येते, आणि जंतूविरुद्ध उठलेली शक्ती त्याच्याशी साम्य असलेल्या हृदयाच्या झडपांवर घसरते, हा संधिवाताचा ताप आपल्याकडे अजून मुलांची हृदये अधू करतो. स्त्री-पुरुष असा भेदही दिसतो: ल्युपस या ऑटोइम्यून आजाराच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. अशा आजारांत पूर्वकर्म शोधणारेही भेटतात. दुखणाऱ्याच्या माथी दोष मारण्याला मी श्रद्धा म्हणत नाही.

विवेक ढळल्यावर देह काय भोगतो, ते आमवाताच्या रुग्णाच्या सकाळी पाहावे. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो हाच. बाई उठते, पण मूठ वळत नाही, पोळपाटावर लाटणे धरवत नाही, दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजलेली असतात, आणि तास-दीड तासाने कुठे ती मोकळी होतात. आत सांध्याचे अस्तर फुगून कूर्चा नि हाड कुरतडत असते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात याच अविवेकाने इन्शुलिन करणाऱ्या पेशी संपतात आणि आयुष्यभर सुईची सोबत लागते. मेंदू नि मज्जारज्जूतल्या तंतूंचे आवरण गेले तर चालणे, पाहणे बिघडते. आजार निराळे, मूळ एक.

म्हणून प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे नि चूर्णे या रुग्णाच्या हाती देणारे हितचिंतक मला पटत नाहीत, कारण उणीव शक्तीची नसून विवेकाची आहे, आणि मेथोट्रेक्झेटसारखी औषधे त्या अनावर शक्तीलाच लगाम घालतात. नामस्मरण अवश्य करावे, त्याने धीर येतो. पण सकाळी सांधे तासाहून अधिक आखडत असतील, तर महिने न दवडता संधिवाततज्ज्ञांना दाखवा, आमवातावरची मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते हे ध्यानात ठेवा, आणि चालू असलेले स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नका.