कीर्तनाचा खर्च कोणाच्या वहीत?



गेल्या आषाढात वारीहून परतलो आणि चार दिवस पाय शेकत घरी बसलो होतो. तेव्हा सूनबाईंनी आयकराच्या रिटर्नचे कागद माझ्यापुढे आणून ठेवले. मी ३१ वर्षे विकास सोसायटीत गटसचिव होतो. कीर्द-खतावणीत हयात गेली, म्हणून घरातले आकडे अजून एकदा माझ्या नजरेखालून जातात. सूनबाई घरी बसून भाषांतराचे काम करतात. पगार नाही, साहेब नाही. काम करायचे, बिल पाठवायचे, आणि वर्षाअखेर मिळकतीतून खर्च वजा करून जो नफा उरेल त्यावर कर भरायचा.

खर्चाच्या यादीत एक ओळ होती : इंटरनेट, ११,३१४ रुपये. महिन्याचे बिल ७९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४३ च्या आसपास. बारा महिन्यांचे तेवढेच होतात. बेरीज बरोबर होती. पण बेरीज तपासता तपासता माझ्या हातात मोबाइल होता आणि त्यावर कीर्तन चालू होते. ते त्याच वायफायवर चालू होते, ज्याचे सगळेच्या सगळे बिल सूनबाईंच्या धंद्याच्या खर्चात पडले होते.

मी विचारले, "हे पूर्ण धरले आहे का?"

"दर वर्षी पूर्णच धरतो, आबा. सीए म्हणाले, एवढ्याशा रकमेला कोण विचारतो?"

सीएंचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. असल्या रकमेसाठी आयकर खात्याचा माणूस आमच्या दारी येईल, हे मलाही वाटत नाही. पण कोणी विचारणार नाही, एवढ्यावर एखादी नोंद खरी ठरते का? सोसायटीत दर वर्षी ऑडिटर येत असे, आणि त्याच्या भीतीने वह्या नीट राहत, हे मी नाकारत नाही. इथे ऑडिटर नाही. या घरात कोण किती वेळ काय पाहतो, हे घरातल्यांखेरीज कोणालाही कळणार नाही. म्हणून हा हिशेब अवघड. कायद्यामुळे तो अवघड झालेला नाही.

कायदा तर सरळ आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातले ३७ वे कलम सांगते की जो खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी केला असेल तोच वजा होईल; स्वतःचा घरगुती खर्च होणार नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण हे सूत्र तसेच आहे. एकच वस्तू घरालाही लागते आणि धंद्यालाही, तेव्हा धंद्याचा वाजवी हिस्सा तेवढा धरायचा. (डॉक्टर, वकील, इंजिनियर अशा ठरावीक व्यावसायिकांना आणखी एक सोय आहे. मिळकतीच्या निम्मा नफा मानून कर भरायचा, मग खर्चाची यादीच नको. पण ज्याने ती सोय घेतली त्याने इंटरनेटचे बिल पुन्हा वेगळे वजा करायचे नसते. भाषांतरकार त्या यादीत येत नाहीत.)

वाजवी हिस्सा म्हणजे किती, हे मात्र कायद्याने सांगितलेले नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे, आणि ठरवताना मनाचे खेळ सुरू होतात.

सूनबाई शहाण्या. त्यांनी वाद न घालता वही घातली. पंधरा दिवस कोण किती वेळ इंटरनेट वापरतो ते लिहिले. रोजची सरासरी अशी आली : त्यांचे काम सहा तास, त्यांचीच करमणूक एक तास, मुलगा दोन तास, नातू दीड तास, आमच्या घरातून मालिका एक तास, आणि माझे कीर्तन-प्रवचन दीड तास. एकूण तेरा. त्यात कामाचे सहा, म्हणजे शेकडा ४६.

मग मुलगा म्हणाला, तास कशाला मोजता? डेटा मोजा. ते माप लावले तर वेगळेच चित्र निघाले. भाषांतर म्हणजे अक्षरे. अक्षरांना डेटा तो काय लागणार! खरा डेटा खातात ती चलच्चित्रे. त्या मापाने सूनबाईंच्या वाट्याला दहावा हिस्साही येईना, आणि सर्वांत मोठ्या ग्राहकांत माझा नंबर लागला. सूनबाईंना ते पटले नाही, आणि त्यांचे बरोबर होते. दिवसभर लाइन चालू नसेल तर त्यांचे काम बंद पडते. माझे कीर्तन एखाद्या दिवशी राहिले तर काही बुडत नाही. (हे वाक्य लिहिताना हात अडखळला, पण हिशेबाच्या दृष्टीने ते खरे आहे.)

तिसरे माप त्यांनीच काढले. काम नसते तर आपण ३९९ चा स्वस्त प्लॅन घेतला असता. कर धरून तो ४७१ ला पडतो. उरलेले ४७२ रुपये निव्वळ कामासाठी जास्त मोजतो. म्हणजे निम्मे.

आता पाहा, तीन मापे आणि तीन उत्तरे. तिन्ही मापे खोटी म्हणता येणार नाहीत. 'मापात पाप नको' असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे काटा मारणारा दुकानदार असतो. पण काटा न मारताही पाप होते. ज्या मापाने आपल्याला जास्त मिळेल ते माप आधी मनात ठरवायचे आणि मग त्याच्यासाठी कारणे शोधायची. सोसायटीत मी हे फार पाहिले आणि, खोटे कशाला बोलू, दोन-चार वेळा केलेही. उत्तर हवे तसे आले की मापाची चौकशी करणे माणूस थांबवतो. म्हणून आमच्यात असे ठरले की दर वर्षी माप बदलायचे नाही. तासांचे माप घ्यायचे, आणि ४६ चे ४५ करून गोल आकडा धरायचा.

त्यावर सूनबाई थोड्या रागानेच म्हणाल्या, "मग मी काहीच धरत नाही. कटकटच नको!" हेही मला मान्य होईना. सहा तास त्या खरोखर काम करतात. त्या सहा तासांचा खर्च लपवला तर नफा खोटाच फुगतो. आपला रास्त हिस्सा सोडून देणे आणि वर सचोटीचे समाधान मिळवणे, यात अहंकार बराच असतो. जेवढा आहे तेवढा लिहावा.

माझ्याही मनात एक पळवाट होती, ती सांगून टाकतो. ११,३१४ च्या ४५ टक्के म्हणजे ५,०९१. सूनबाईंना शंभरामागे वीस रुपये कर आणि वर सेस पडतो. म्हणजे ही नोंद दुरुस्त केल्याने वर्षाला सुमारे तेराशे रुपये कर वाढणार. मला वाटले, तेराशे रुपये कशाला घालवायचे? आपण दर वर्षी दिंडीतल्या अन्नदानाला याहून जास्त देतो. पैसा सरकारात गेला काय आणि वारकऱ्याच्या पानात गेला काय!

रात्रभर हे म्हणणे मला पटत होते. पहाटे तुकोबारायांच्या खतपत्रांची गोष्ट आठवली. कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, एवढी आपण सगळेच सांगतो. परंपरेत त्या गोष्टीला एक आधीचा भाग आहे, आणि तो घाईत निसटतो. तुकोबा खते बुडवायला निघाले तेव्हा धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, मला प्रपंच चालवायचा आहे. मग खतांची वाटणी झाली. निम्मी कान्होबांच्या हाती दिली, आणि आपल्या वाट्याची निम्मी तेवढी डोहात गेली. ज्यांना धन मातीसमान होते त्यांनीही सोडण्याआधी वाटणी केली. भावाच्या हिश्श्यातून त्यांनी त्याग केला नाही.

आणि मी? जे तेराशे रुपये माझे नव्हते ते अन्नदानात घालून पुण्य माझ्या नावावर लिहू पाहत होतो. शेजारचे गुरुजी तेवढेच बिल भरतात, त्यावर मुलांचे धडे तयार करतात, पण पगारदार असल्याने त्यांना हे बिल वजा करता येत नाही. ते पूर्ण कर भरतात. ज्या पालखीमार्गाच्या रुंद रस्त्यावरून मी चालत गेलो, तोही असल्याच करातून झालेला. माझ्या कीर्तनाचा भार गुरुजींनी का उचलावा?

यंदाचे मिटले, पण मागच्या दोन वर्षांचे काय? ते सूनबाईंनीच विचारले. मी गप्प राहिलो होतो. मागचे रिटर्न दुरुस्त करून भरता येते, पण फुकट नाही. कर आणि व्याज तर द्यायचेच, शिवाय पहिल्या वर्षाच्या आत पंचवीस टक्के आणि दुसऱ्या वर्षात पन्नास टक्के ज्यादा. दोन वर्षांचे मिळून साधारण ४,२०० रुपये होत होते. सीए हसले. म्हणाले, माझी फी याहून जास्त होईल, विचार करा. मुलगाही म्हणाला, पुढे नीट लिहू, मागचे राहू दे. मला तो सल्ला मनातून आवडला होता, हे कबूल करतो.

सूनबाई म्हणाल्या, "आबा, चूक कळली नव्हती तोवर ठीक होतं. आता वहीत सगळं लिहिलंय."

त्यांनी दोन्ही रिटर्न पुन्हा भरली. पैसे भरले त्या संध्याकाळी मी म्हटले, हे सारे मी देतो, विषय मीच काढला. त्यांनी वही उघडली. कामाबाहेरचे तास सात, त्यांत माझा दीड. ४,२०० चे नऊशे होतात, म्हणाल्या. तेवढेच द्या, बाकीचे बाकीच्यांकडून घेते. मी नऊशे रुपये मोजून दिले. त्यांनी ते जमेला लिहिले : आबा, कीर्तन, ९००.