किल्ला बघायचा की हौद?

राजवाडे, महाल, किल्ले बघायला आपण जावं काय? आपल्यात हा वाद नेहमी निघतो. एक म्हणतो, धन्याचे वाडे बघून आपल्याला काय मिळणार? दुसरा म्हणतो, मागचं सोड, इतिहास सगळ्यांचा, छाती फुगवून बघ. मला दोन्ही पटत नाही. का, ते देवगिरीवरून सांगतो.

देवगिरी म्हणजे दौलताबाद. यादवांची राजधानी. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथं आणली. पुढे निजामशाही, 1633 मध्ये मोगल, मग हैदराबादचा निजाम. उभा तासलेला खडक, भोवती खंदक, पोटातून अंधारी. गाईड राजांची नावं घडाघडा सांगतो. खडक फोडणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडी येत नाही. तिथंच चिनी महाल आहे. 1687 मध्ये गोवळकोंडा पडला आणि तिथला सुलतान अबुल हसन तानाशहा या महालात मरेपर्यंत कैदेत राहिला. लोक इथं थांबून हळहळतात. राजा होता बिचारा!

याच किल्ल्याच्या दारात 1934 मध्ये आणखी एक गोष्ट घडली. बाबासाहेब तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबाद. प्रवासाने अंग धुळीने भरलेलं. दाराशी भरलेला हौद होता, तिथं त्यांनी हातपाय-तोंड धुतलं. एवढ्यावर आरडाओरडा झाला, अस्पृश्यांनी हौद बाटवला! ओरडणारे मुसलमान होते. अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला इथलं पाणी घेऊ द्याल का, असं बाबासाहेबांनी विचारल्यावर जमाव गप्प झाला. किल्ला बघू दिला, पण आत कुठं पाण्याला हात लावायचा नाही. पाळतीला हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय.

विचार करा, दोस्तहो. तख्त बदललं, धर्म बदलला, दरबारची भाषा बदलली. तरी 1934 मध्ये आपला हात बाटवणाराच ठरला. एवढा खोल खंदक, पण जातीला त्याने अडवलं नाही. ती हिंदूच्या घरातून निघाली आणि दुसऱ्या धर्माच्या ओट्यावर जाऊन बसली.

म्हणून माझं म्हणणं असं की महालाची किंमत त्याच्या उंचीवरून करू नये. त्याच्या पाण्याला कोण शिवू शकत होता, हे आधी विचारावं. कैदी राजासाठी हळहळणारं मन त्या तीस माणसांसाठी हलत नसेल, तर ती हळहळ माणसासाठी नाही, मुकुटासाठी आहे.

पण न जाणं हाही उपाय नव्हे. आपण गेलो नाही तर सांगणारा एकटा गाईड उरतो. तेव्हा जा. पोरांना घेऊन जा. अंधारी दाखवा, चांदमिनार दाखवा. सुंदर आहे त्याला सुंदर म्हणा, ते काही राजाने आपल्या हाताने घडवलेलं नाही. मग त्यांना हौदाची गोष्ट सांगा. संविधानाच्या 15व्या कलमात विहिरी आणि तलाव हे शब्द का आलेत, ते पोरांना तिथं उभं राहून कळेल.